जिन्याखालचं दार

साइटवर माझी ओळख दोन शब्दांची आहे. "ड्रॉइंग दाखव." कुणी म्हणालं, साहेब, बीम जरा खाली घेतलाय, की मी आधी तेच म्हणतो. कुणी म्हणालं, सळई बांधून झाली, बघायला चला, तर जिना चढता चढता पुन्हा तेच. नांदेडला सध्या आमचं एका वसतिगृहाचं काम चालू आहे. तिथली तरुण इंजिनिअर पोरं माझ्या मागं माझी नक्कल करतात हे मला माहीत आहे. परवा चहावाल्यानं चहात साखरच टाकली नव्हती. एकानं ग्लास त्याच्यापुढं धरला आणि माझ्या आवाजात म्हणाला, "ड्रॉइंग दाखव." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नंतर दिवसभर मला वाईट वाटत राहिलं. हसलो असतो तर काय बिघडलं असतं?

माझा स्वभावच तसा आहे. बसमध्ये दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी माफी मी मागतो.

पण ड्रॉइंगच्या बाबतीत मी हटत नाही. बांधकामात जे कागदावर काढलेलं नसतं ते राहून जात नाही, ते कुणीतरी आपल्या मनानं ठरवतं. कॉलमच्या रिंगेचंच घ्या. कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून ज्या चौकोनी रिंगा घालतात, त्यांची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळलेली लागतात. जमीन हलली तर तेवढ्या टोकांच्या जोरावर रिंग उघडत नाही. आमच्या भागात जमीन हलण्याचं वेगळं सांगावं लागत नाही, सगळ्यांच्या घरात ती आठवण आहे. तरी सळई वाकवणारा टोक काटकोनातच सोडतो, कारण तसं वाकवणं सोपं. ड्रॉइंगवर बारीक अक्षरात टीप असते, पण टीप कोण वाचतो? मी डिझायनरच्या मागं लागून रिंगेचं खऱ्या मापाचं चित्र मागवलं, ताटाएवढं, आणि ते सळई वाकवायच्या फळीशेजारी ठोकलं. सळईवाला रिंग वाकवायचा, चित्रावर ठेवून बघायचा, बसली की पुढची घ्यायचा. मला त्यानंतर एकदाही ओरडावं लागलं नाही.

एवढं सगळं कळणाऱ्या माणसानं स्वतःच्या बहिणीचं घर फोनवर बांधायला घेतलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण, लातूरला असते. तिचं पत्र्याचं घर पाडून त्याच जागेवर खाली-वर असं पक्कं घर बांधायचं ठरलं, आणि घरात इंजिनिअर भाऊ असताना बाहेरचा कशाला, हेही लगेच ठरलं. त्या आठवड्यात आम्ही सगळे मुदखेडला एका लग्नात भेटलो. अक्षता पडायला वेळ होता. मी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्लॅन काढून दिला. पुढं रस्ता, मग हॉल, हॉलमधून मागच्या भिंतीकडं चढणारा जिना, तिथं लँडिंग, म्हणजे जिना वळतो ती सपाट जागा, आणि तिथून उलट फिरून वर.

अक्कानं तो प्लॅन दोनदा फिरवून बघितला. "मागचं दार कुठाय?"

मी जागा शोधली. मागच्या भिंतीत दुसरीकडं न्हाणीघर आणि स्वयंपाकाचा ओटा होता. उरली ती फक्त लँडिंगखालची जागा. मी तिथं दार दाखवलं. कागदावर छान बसलं.

हे दार म्हणजे अक्काचा जीव होता. तिच्या घरामागं एक अरुंद बोळ आहे आणि बोळापलीकडं आपांचं घर. आपा म्हणजे अक्काची मैत्रीण, दोघी नव्या नवऱ्या म्हणून त्या गल्लीत आल्या तेव्हापासूनची. त्यांचे मियाँ मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतात. सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणते. रोज संध्याकाळी आपा चहाची किटली घेऊन बोळ ओलांडायच्या आणि मागच्या दारानं अक्काकडं यायच्या. चहा त्यांचा, खारी किंवा चिवडा आमचा. आता आपांचं कंबरेचं दुखणं वाढलंय. मागचं दार नसेल तर त्यांना सगळी गल्ली फिरून मोठ्या रस्त्यानं यावं लागेल, आणि तेवढं त्यांच्यानं होत नाही. बांधकाम चालू असताना अक्का थोडी लांब भाड्याच्या घरात राहात होती, तिथं आपांचं येणं जवळजवळ थांबलंच होतं. फोनवर अक्का मला सिमेंटबद्दल विचारायची नाही. ती विचारायची, "दार करायलास ना?"

"करतोय, अक्का. सेक्शन काढून पाठवतो मिस्त्रीला."

सेक्शन म्हणजे उभा छेद. घर सुरीनं उभं कापलं तर आत जे दिसेल ते चित्र. प्लॅन वरून बघितलेला असतो आणि वरून बघताना कुणालाच उंची नसते. दार आहे, जिना आहे, दोन्ही आपापल्या जागी दिसतात. दारावर जिना किती उंचीवरून जातो हे फक्त छेदात दिसतं. हे मी पोरांना कितीदा तरी सांगितलंय. आणि अक्काचा छेद मी आज काढतो, उद्या काढतो करत राहिलो. एक दिवस साइटवर काँक्रीटचा मिक्सर घरघरत असताना लातूरहून मिस्त्रीचा फोन आला. लँडिंग कुठं घ्यायची? मी ओरडून सांगितलं, "मधात घ्या! नेहमीसारखी!"

त्यानंतर आठवडाभरात मोबाइलवर दाजींचा फोटो आला. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. सहा फुटांच्या वर उंच, ताठ, नोकरीत असताना कुणापुढं मान न वाकवल्याबद्दल प्रसिद्ध. फोटोत ते जिन्याच्या सेंटरिंगखाली, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी ठोकलेल्या फळ्यांखाली, गुडघ्यात वाकून उभे होते आणि कपाळावर बचकभर हळद थापलेली होती. खाली अक्काचा आवाज रेकॉर्ड केलेला.

"ह्यांनी दारातून जायला बघितलं. टेंगूळ आलंय लिंबाएवढं. आता म्हणायलेत, ते दार बंद करून टाका, तिथं भिंत घ्या. परवा काँक्रीट हाय. दार न्हाई झालं तर मी वास्तुशांतीला बसणार न्हाई, तुला सांगून ठेवते."

मी फोटोवरूनच हिशेब केला. घराची उंची अकरा फूट, लँडिंग बरोबर मध्यात. काँक्रीटची जाडी वजा केली की खाली उरले पाच फूट.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकून लातूरची एसटी धरली. लोह्याच्या पुढं रस्ता बरा आहे, म्हणून मांडीवर वही ठेवून छेद काढायला बसलो. शेजारच्या आजोबांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "शिडी काढायलाव का?" म्हटलं, हो. "मग एवढं तोंड का पाडलंय? शिडीच हाय की." अहमदपूर येईपर्यंत मी तीन वेळा खोडलं. बस गचके देत होती हे खरं, पण खोडाखोड तेवढ्यानं झाली नव्हती. दाराला सात फूट मिळवायचे तर लँडिंग वर न्यायला हवी, म्हणजे पहिल्या टप्प्यात पायऱ्या वाढणार, म्हणजे जिन्याचा पाय पुढं सरकणार. एक गोष्ट हलवली की दुसरी हलायची. चाकूर मागं पडलं तेव्हा जमलं. लँडिंग दोन पायऱ्यांनी वर घ्यायची, आणि लँडिंगखालची फरशी दोन पायऱ्यांनी खाली. घराचं जोतं उंच होतंच, त्यामुळं दाराबाहेर बोळात उतरायलाही सोपं होणार होतं.

बांधकामावर पोचलो तर सगळे तिथंच. दाजी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, अक्का वाळूच्या ढिगाशेजारी, आणि मिस्त्री हाताची घडी घालून.

"साहेब, तुम्हीच म्हणले मधात घ्या," मिस्त्रीनं मी पिशवी खाली ठेवायच्या आतच सुरुवात केली. "म्या मधात घेतली. एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई."

"चूक माझीच आहे. मी छेद काढून द्यायला हवा होता. इतके दिवस मी..."

"तुझं ते नंतर," दाजी म्हणाले. "आधी डोकं कुठं आपटणार न्हाई ते सांग."

मी वही दाखवली. मिस्त्रीनं ती उलटी धरली, मग सुलटी, मग अक्काकडं दिली. अक्कानं दाजींकडं. दाजी म्हणाले, "एसटीत काढलेलं दिसतंय." कुणालाच काही कळलं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. बोटाएवढ्या चित्रात डोकं कुठं आपटणार नाही हे कुणाला दिसणार?

मग मला ते रिंगेचं ताटाएवढं चित्र आठवलं. जिन्याच्या कडेची विटांची भिंत अजून गिलाव्याविना होती. मी मिस्त्रीकडून खडू, दोरी आणि पाणी भरलेला लेव्हलचा पाइप मागितला. पाइपानं फरशीची पातळी भिंतीवर आणली, निळीत भिजवलेल्या दोरीनं सूत मारलं, आणि त्या रेघेवरून पायरीवर पायरी, खऱ्या मापाची, काढत गेलो. मिस्त्री सुरुवातीला लांबून बघत होता. चौथ्या पायरीला त्यानं माझ्या हातातली दोरी धरली. लँडिंग काढली, तिच्या काँक्रीटची जाडी आडव्या रेघांनी भरली, खालची फरशी दोन पायऱ्या उतरवली, तिथं दाराची चौकट काढली. आतापर्यंत सगळे भिंतीजवळ आले होते.

"दाजी, इकडं या. पाठ टेकवून उभं राहा."

खालची फरशी अजून भरावाची होती. मिस्त्रीनं फावड्यानं दाजींपुरती माती काढली. दाजी त्या खड्ड्यात उतरून भिंतीला टेकले. मी त्यांच्या डोक्यावर खडूनं रेघ मारली. लँडिंग तिच्या चांगली वर होती.

"फेटा बांधला तरी बसंल," मिस्त्री म्हणाला.

"मी फेटा कधी बांधला?" दाजी म्हणाले, पण हळद लावलेलं कपाळ त्यांनी वर करून नीट बघितलं.

तेवढ्यात मागच्या मोकळ्या चौकटीतून आपा आत आल्या, सरळ, मान न झुकवता, सेंटरिंगच्या फळ्यांखालून. आपा पाच फुटांच्याही आतल्या आहेत. हातात किटली.

"क्या चल्रा भैया? भिंत रंगवायला आले का नांदेडहून?"

अक्कानं त्यांना सगळं सांगितलं. आपांनी चित्र बघितलं आणि हुकूम सोडला, "माझी बी रेघ मारा." मारली. दाजींच्या रेघेच्या हातभर खाली. आपांनी दोन्ही रेघांकडं बघितलं आणि मग डोक्यावरच्या फळ्यांकडं. "मग मिस्त्रीचं दार काय वाईट होतं जी? मला तर बराबर बसत होतं. ह्यांनाच थोडं वाकायला शिकवा."

"ह्या वयात?" अक्का म्हणाली.

मिस्त्री इतका हसला की त्याच्या हातातली दोरी सुटली. त्यानं स्वतःच मोजपट्टी घेऊन माझ्या पायऱ्या तपासायला सुरुवात केली. पायऱ्या मोजत तो खाली उतरला, चित्रातल्या पहिल्या पायरीपाशी आला, आणि थांबला.

"साहेब, ही पायरी हॉलात आली."

आली होतीच. दोन पायऱ्या वाढल्या म्हणजे जिना वीस इंच पुढं आला. मी चुन्याची फक्की घेऊन जमिनीवर पहिली पायरी आखली. तेव्हा दाजी येऊन त्या रेघेपाशी उभे राहिले आणि वर बघू लागले. का ते मला कळायला जरा वेळ लागला. तिथं बंगई, म्हणजे दाजींचा झोपाळा, लागायची होती.

दाजींची सागवानी बंगई भाड्याच्या घरात ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली होती. या घराकडून दाजींनी आपल्यासाठी मागितलेली एवढी एकच गोष्ट. पुढच्या दारासमोर बंगईवर बसायचं आणि रस्ता बघायचा. तिच्या कड्या स्लॅबमध्येच सोडायच्या, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी जागा ठरायला हवी होती. मी फक्कीनं बंगई आखली, मग ती झोका घेते तेवढी जागा आखली. मागचा झोका सरळ पहिल्या पायरीवर आदळत होता.

अक्काचं दार वाचवायला आलो आणि दाजींची बंगई मोडली. "दाजी, मला माफ करा, मी दुसरं काहीतरी..."

"थांब."

"माझ्या डोक्यातच आलं नाही की..."

"अरे थांब की! बघू दे."

दुसरं काही नव्हतं, हे मला एसटीतल्या खोडाखोडीतून माहीत होतं. बंगईला उरलेली एकच जागा जिन्याच्या दुसऱ्या अंगाला होती, मागच्या दाराच्या सरळ रेषेत. तिथं बसून पुढं बघितलं तर बेडरूमची भिंत. रस्ता दिसायचाच नाही. मी फक्कीनं तीही जागा आखली.

दाजींनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि त्या आखलेल्या जागेत ठेवली. भिंतीकडं तोंड करून बसले. जरा वेळानं उठले, खुर्ची फिरवली, आणि मागच्या दाराकडं तोंड करून बसले. चौकटीतून बोळ दिसत होता, बोळापलीकडं आपांचं अंगण, आणि अंगणात उस्ताद एक मिक्सर पोटावर उलटा धरून त्याचे स्क्रू काढत होते.

"आता रोज ह्याचं थोबाड बघत बसावं लागंल," दाजी मोठ्यानं म्हणाले.

उस्तादांनी मान वर केली. "माझं काय! मला बी समोर तुमचंच हाय."

"आवाज कमी करत जा त्या रेडिओचा."

"तुम्ही बॅटिंगवर बोलणं कमी करा, मी रेडिओ कमी करतो."

दाजी आणखी थोडा वेळ बसले. खुर्चीतच पुढं-मागं झुलून बघितलं, पाय लांब करून बघितले. मग मिस्त्रीकडं वळून म्हणाले, "कड्या हितं सोड."

अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि वाळूच्या ढिगावरून उगाचच एक खडा उचलून लांब फेकला. आपा कप भरू लागल्या.

काँक्रीट दोन दिवस पुढं ढकललं. मी थांबलो. त्याच संध्याकाळी अक्काच्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, पूर्ण छेद काढला. पायरीची उंची, रुंदी, लँडिंगची जाडी, सळया कुठल्या वर आणि कुठल्या खाली, दोन पायऱ्या उतरलेली फरशी, चौकटीचं माप. आणि शेजारी बंगईची कडी, खऱ्या मापाची, स्लॅबच्या सळईला कशी गुंतवायची ते दाखवून. सकाळी झेरॉक्स काढल्या. एक मिस्त्रीला, एक सळईवाल्याला, एक भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घालून. मिस्त्रीनं घेतली आणि म्हणाला, "हीच आधी दिली असती तर दाजींची हळद वाचली असती." मी मान डोलावली.

स्लॅबच्या दिवशी मी वर उभा होतो. मला अचानक वाटलं, बंगईच्या कड्या हातभर पुढं घेतल्या तर दाजींना दारातून अंगण जरा जास्त दिसेल. म्हटलं, "मिस्त्री, त्या कड्या थोड्या पुढं घ्या बरं."

मिस्त्रीनं खांद्यावरचं फडकं झटकलं, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, ड्रॉइंग दाखवा."

सळईवाला हसला, पाणी मारणारी बाई हसली, आणि या वेळी मीही हसलो. कड्या होत्या तिथंच राहिल्या. पुढं घेतल्या असत्या तर झोका खाली उतरणाऱ्या त्या दोन पायऱ्यांवर आला असता. खाली आल्यावर झेरॉक्सवर मोजून बघितलं तेव्हा कळलं.

वास्तुशांतीला मी सकाळच्या पहिल्या एसटीनं गेलो. पुढच्या दारात तोरण, चपला, गर्दी. मी गल्लीतून वळसा घालून मुद्दाम मागून गेलो. बोळातून दोन पायऱ्या चढून आत शिरलो आणि सवयीनं मान खाली घातली. वर बघितलं तर लँडिंग हातभर उंच. दाजी बंगईवर धोतर-उपरण्यात बसले होते. पूजेला बसायला अजून वेळ होता. ते म्हणाले, "तूच कशाला वाकतोस? तुझी उंची ती केवढी."

बंगईजवळून आत जायला वाट थोडी अरुंदच राहिलीय. झोका चालू असला तर माणसाला थांबावं लागतं. हे मला फक्की आखताना दिसलं होतं, आणि मी बोललो नव्हतो. आता बोलायला तोंड उघडलं. "दाजी, ही वाट जरा..."

"श्श," दाजी म्हणाले आणि पाय जमिनीला टेकवून बंगई थांबवली.

माझ्या मागून आपा आत येत होत्या. नवी साडी, कंबरेवर एक हात, दुसऱ्या हातात किटली. त्या दाजींच्या गुडघ्यांजवळून गेल्या, आत अक्काला हाक मारली, आणि दाजींनी पाय उचलून बंगई पुन्हा सोडली.